हिवाळी युद्धाचा पट: समतोल सैन्यात नाही, मुदतीत शोधा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. 1939-40 च्या सोव्हिएत-फिनलंड हिवाळी युद्धावर तुम्ही हेक्स (षटकोनी घरं) आणि काउंटर (सैन्याच्या सोंगट्या) असलेला युद्धखेळ बांधताय. सैन्य खऱ्या आकड्यांनी मांडलं की सोव्हिएत खेळाडू चौथ्या-पाचव्या टर्नला सगळं चिरडून टाकतो. म्हणून तुम्ही फिनिश तुकड्यांना थंडीचा बोनस दिलात, तर आता सोव्हिएत बाजूला बसायलाच कुणी तयार होत नाही. इतिहास न मोडता दोघांना बरोबरीची संधी कशी द्यायची, आणि प्रसिद्ध फिनिश नेमबाज सिमो हायहासाठी वेगळं काउंटर असावं का, हे तुम्ही विचारलंय.

याच युद्धावरच्या माझ्या पहिल्या आवृत्तीत मीही हेच केलं होतं. फिनिशांना फाशावर अधिक दोन, मग अधिक एक, मग फक्त जंगलात अधिक एक. कितीतरी रविवार त्यात गेले. शेवटी लक्षात आलं की मी फासा दुरुस्त करत होतो आणि बिघाड जिंकण्याच्या अटीत होता. ‘जो दुसऱ्याला हरवेल तो जिंकला’ ही अट मुळातच या युद्धाला लागू पडत नाही. सुमारे 37 लाख लोकवस्तीचा देश सोव्हिएत संघाला रणांगणावर हरवणार नव्हता, आणि हे हेलसिंकीतही माहीत होतं. खरा प्रश्न होता तो किती दिवसांत, किती किंमत मोजून आणि कुठल्या रेषेपर्यंत. तेव्हा सैन्य विषमच ठेवा, अगदी निर्दयपणे विषम ठेवा. बरोबरी आणायची ती या ‘किती दिवसांत’ मध्ये.

पुढचं सगळं तुमच्या खेळाच्या आवाक्यावर अवलंबून आहे, हे आधीच सांगतो. तुम्ही फक्त पूर्व फिनलंडच्या जंगलातल्या राटे रस्त्याची लढाई बटालियनच्या पातळीवर मांडत असाल, तर यातलं निम्मं तुमच्या कामाचं नाही. मी असं धरून चाललोय की पटावर पूर्ण आघाडी आहे, काउंटर डिव्हिजन किंवा रेजिमेंटचे आहेत आणि डाव एका दिवसात संपायला हवा. तसं असेल तर टर्न एका आठवड्याचा ठेवा. 30 नोव्हेंबर 1939 ते 13 मार्च 1940 म्हणजे बरोबर 105 दिवस, म्हणजे 15 टर्न. या युद्धाला ही मोजणी फार चांगली बसते. दुसऱ्या टर्नमध्ये तोल्वायार्वीचा फिनिश विजय येतो, सहाव्यात राटे रस्त्याचा शेवट, अकराव्यात फिनिश तटबंदीला सुम्माजवळ पडलेलं भगदाड, चौदाव्यात व्हीपुरी (आजचं रशियातलं व्हीबोर्ग) शहराच्या खाडीवरची चढाई. तुमचा डाव या टप्प्यांच्या किती पुढे किंवा मागे चाललाय, हे खेळता खेळता दिसतं.

आता विजयाची अट. सोव्हिएत तोफखान्याचे प्रमुख व्होरोनोव्ह यांनी पुढे आठवणींत लिहिलंय की मोहीम दहा-बारा दिवसांची धरून चाललेली होती. फिनिश कम्युनिस्ट ऑटो कुसिनेन यांचं, मॉस्कोनं उभं केलेलं तेरियोकीचं सरकार 1 डिसेंबरलाच जाहीर झालं, म्हणजे सगळा देश ताब्यात येईल हाच हिशोब होता. दुसऱ्या टोकाला, युद्धाआधीच्या वाटाघाटींतली मॉस्कोची मागणी त्याहून बरीच लहान होती: लेनिनग्राडजवळच्या कारेलियाच्या संयोगभूमीवरची सीमा मागे सरकवणं, फिनलंडच्या आखातातली काही बेटं आणि हांको बंदर भाडेपट्ट्यानं. प्रत्यक्षात जे झालं ते या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. फिनलंड स्वतंत्र राहिला, पण व्हीपुरीसकट सगळी संयोगभूमी आणि लाडोगाच्या उत्तरेचा कारेलिया गेला, हांकोही 30 वर्षांच्या पट्ट्यानं गेलं, आणि चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून पश्चिमेला आली. माझ्या पटावर हा ऐतिहासिक निकाल म्हणजे बरोबरी. सोव्हिएत खेळाडूनं व्हीपुरी दहाव्या टर्नच्या आत घेतलं तर त्याचा विजय. पंधरावा टर्न संपताना फिनिश सैन्य डिसेंबरच्याच रेषेवर उभं असेल तर फिनिश विजय. मधल्या पायऱ्या तुम्ही चाचणीच्या डावांतून ठरवा, पण बरोबरीची खूण इतिहासावरच ठेवा. त्यामुळे प्रत्येक खेळाडू समोरच्या माणसाबरोबर खेळतो तसाच 1940 च्या खऱ्या सेनापतीबरोबरही खेळतो.

माणसांच्या हानीचे गुण देणार असाल तर फार जपून द्या. फिनलंडचे सुमारे 26 हजार गेले, आणि सोव्हिएत बाजूचे मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे 1 लाख 27 हजार. एका काउंटरला एक गुण असं धरलंत तर फिनिश खेळाडू प्रत्येक डाव जिंकेल, आणि तरी त्याचा देश गेलेला असेल. सोव्हिएत हानी गुणांत मोजण्यापेक्षा वेळेत मोजा: ठरावीक हानी झाली की पुढचा एक टर्न त्या सैन्याला हल्ला करता येत नाही. फिनिश हानी मात्र कायमची असू द्या. तिकडे बदली माणूस जवळजवळ नव्हताच. फेब्रुवारीत खंदकात होते त्यांतले बरेच डिसेंबरपासून लढत होते, आणि अनेक ठिकाणी त्यांना नीट झोप नव्हती.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. एका पटावर ही दोन युद्धं आहेत. फिनलंडचं आखात आणि लाडोगा सरोवर यांच्यामधली कारेलियाची संयोगभूमी हे एक. तिथे लेनिनग्राडहून येणारी रेल्वे आहे, तोफा आहेत, काँक्रीटचे मोर्चे आहेत. ते युद्ध पहिल्या महायुद्धासारखं, समोरासमोरचं. दुसरं युद्ध लाडोगाच्या उत्तरेला, पार उत्तर टोकाच्या पेत्सामोपर्यंत पसरलेल्या जंगलाचं. तिथे डिव्हिजन एकाच अरुंद रस्त्यावरून पुढे येते आणि दोन्ही बाजूंना बर्फाखाली गाडलेलं रान. दोन्हींना एकच नियम लावलात की तुमचा आताचा त्रास हमखास होतो. बोनस जंगलापुरता बरोबर ठरतो आणि संयोगभूमीवर खोटा ठरतो. आपल्याकडे हा विषय निघाला की कुणीतरी ‘हा तर गनिमी कावाच’ म्हणतं. मलाही सुरुवातीला तसं वाटायचं, कारण आपल्या मनात ते चित्र लहानपणापासून असतं. पण युद्धाचा निकाल लागला तो संयोगभूमीवर, आणि तिथे कावा चालत नव्हता. 23 डिसेंबरला फिनिशांनी तिथे मोठा प्रतिहल्ला केला आणि तो काही तासांतच फसला. तुमच्या नियमांत फिनिश सैन्याला संयोगभूमीवर डिव्हिजनच्या पातळीवरचा हल्ला महाग पडायलाच हवा.

जंगलासाठी बोनस काढून टाका आणि त्याऐवजी रस्त्याचा नियम आणा. सोव्हिएत काउंटर जंगलात फक्त रस्त्याच्या हेक्सवरून चालतो, आणि लढताना रांगेतला पहिलाच काउंटर लढतो. मागचे कितीही असोत, ते मोजायचे नाहीत. फिनिश स्की तुकडी कुठूनही चालते. बस, एवढ्यावर बरंच काम होतं. राटे रस्त्यावरच्या सुओमुस्साल्मी गावाजवळ सोव्हिएत सैन्याचं नेमकं हेच झालं. 163 व्या डिव्हिजनच्या मदतीला 44 वी डिव्हिजन राटेच्या रस्त्यानं निघाली आणि एकाच वाटेवर सुमारे 30 किलोमीटर लांब पसरली. फिनिश सेनानी सिलास्वुओ यांच्या सैन्यानं आधी 163 वी मोडली, मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रस्त्यावरच्या 44 वीचे तुकडे पाडले. संख्येनं सोव्हिएत कमी नव्हते. त्यांची संख्या रस्त्यावर अडकून पडली होती. 44 वीचे सेनानी विनोग्रादोव्ह यांना 11 जानेवारीला त्यांच्याच सैन्यासमोर गोळ्या घातल्या गेल्या. चाचणीच्या डावांत हा नियम आल्यावर सोव्हिएत खेळाडूंची तक्रार थांबली, कारण ‘फासा आपल्यावर अन्याय करतो’ ही भावना गेली. ते पट बघून म्हणायला लागले, रस्ता लांब झाला, आता थांबायला हवं होतं.

पण या नियमाला दुसरी बाजू लावली नाहीत तर फिनिश बाजू पुन्हा भारी होईल. फिनिश लोक अशा तुटलेल्या तुकड्यांना ‘मोत्ती’ म्हणत. हा शब्द लाकूडतोड्यांचा. सरपणासाठी एक घनमीटर लाकूड रचतात, त्या ढिगाला मोत्ती म्हणतात. तुकडे पाडणं सोपं होतं, ते संपवणं कठीण होतं. राटे जिंकलेलं सिलास्वुओंचं सैन्य पुढे कुहमोला गेलं आणि तिथे 54 व्या डिव्हिजनला जानेवारीच्या अखेरीस वेढा पडला. तहाच्या दिवसापर्यंत ती डिव्हिजन तशीच तग धरून होती. लाडोगाच्या काठी किटिलाची 168 वी डिव्हिजनही शेवटपर्यंत टिकली, तिला गोठलेल्या सरोवरावरून रसद पोचत होती. जमिनीत पुरलेले रणगाडे आणि मशीनगनी फोडायला जड तोफा लागतात, आणि त्याच फिनिशांकडे नव्हत्या. म्हणून माझा नियम असा आहे: वेढलेला सोव्हिएत काउंटर हल्ला करू शकत नाही, पण बचावात त्याची ताकद जवळजवळ पूर्ण राहते आणि तो दर दोन टर्नना एकदाच झिजतो. वेढा घालणाऱ्या फिनिश तुकड्या तिथेच बांधल्या जातात. मग फिनिश खेळाडूसमोर खरा पेच उभा राहतो. जंगलातला घास गिळत बसायचं, की तो तसाच सोडून माणसं संयोगभूमीवर पाठवायची?

हिवाळ्याबद्दल माझं मत ठाम आहे. हिवाळा कुणाच्याही बाजूनं नव्हता. पहिल्या आठवड्यांत संयोगभूमीवर बर्फाचा थर पातळ होता आणि पाणवठे नीट गोठलेले नव्हते, त्यामुळे नद्या आणि सरोवरं बचावाच्या कामी आली. जानेवारीत पारा उणे 40 च्या खाली गेला. तेव्हा ज्याच्याकडे शेकोटीचा तंबू होता तो जगला, ज्याच्याकडे नव्हता तो गोठला. फिनिश तुकड्या स्टोव्हच्या तंबूत झोपत आणि घोड्यांच्या घसरगाड्यांतून रसद आणत. रस्त्यावर अडकलेल्यांना उघड्यावर शेकोटी पेटवावी लागे, आणि ती पेटली की गोळी येई. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोच बर्फ उलटला. आखात इतकं घट्ट गोठलं की सोव्हिएत सैन्य व्हीपुरीच्या खाडीवरून चालत पश्चिम किनाऱ्याला पोचलं आणि फिनिश बचावाची बगल उघडी पडली. त्यामुळे ‘थंडी’ असा एकच नियम ठेवू नका. दोन वेगळ्या पट्ट्या ठेवा. एक पाण्यावरच्या बर्फाची: अपुरा, माणसापुरता, रणगाड्यापुरता. दुसरी थंडीची, आणि ती बाजू न बघता फक्त निवारा आणि रसद तुटलेल्या काउंटरला लागते. फिनिश तुकडी रसदेविना सापडली तर तीही गोठली पाहिजे.

मग येतो पश्चातबुद्धीचा प्रश्न. तुमच्या सोव्हिएत खेळाडूला राटेचा शेवट माहीत आहे, मग तो 44 वीला त्या रस्त्यावर पाठवेलच कशाला? न पाठवायची मुभा त्याला द्या, पण त्याची किंमत ठेवा. जंगलातून येणाऱ्या सोव्हिएत 9 व्या आर्मीचा हेतू पश्चिम किनाऱ्यावरच्या औलूपर्यंत जाऊन फिनलंडचे दोन भाग करण्याचा होता. जंगलातल्या रस्त्यांवर दबाव नसेल तर फिनिश राखीव दल मोकळं होऊन दक्षिणेला येतं, एवढा साधा नियम पुरतो. मी शिवाय पहिल्या तीन टर्नना संयोगभूमीवर दर टर्नला ठरावीक हल्ले सक्तीचे केलेत, कारण मॉस्कोची घाई हा इतिहासाचाच भाग आहे.

सोव्हिएत खेळाडूला कंटाळा येतो, या तुमच्या तक्रारीचं उत्तर मला एका वेगळ्याच ठिकाणी सापडलं. डिसेंबरमध्ये सुम्माला सोव्हिएत रणगाडे रेषेच्या मागे शिरले, पण पायदळ त्यांच्यामागून आलं नाही, आणि एकटे पडलेले रणगाडे एकेक करून जाळले गेले. 7 जानेवारीला सोव्हिएत सेनापती तिमोशेन्को यांच्या हाताखाली वायव्य आघाडी हा नवा सैन्यगट उभा राहिला. मग आठवडे सराव झाला, 1 फेब्रुवारीला तोफांचा मारा सुरू झाला, 11 तारखेला मुख्य हल्ला, आणि सुम्माजवळ लाहदेला भगदाड पडलं. सैन्य तेच, शत्रू तोच, दोन महिन्यांत शिकून आलेलं. हे शिकणं तारखेनं आपोआप होऊ देऊ नका, खेळाडूच्या हातात द्या. सुरुवातीला रणगाडे, पायदळ आणि तोफखाना एकाच हल्ल्यात एकत्र मोजता येत नाहीत. सोव्हिएत खेळाडू कुठल्याही टर्नला ‘पुनर्रचना’ जाहीर करू शकतो. त्यानंतर तीन टर्न संयोगभूमीवर एकही हल्ला नाही, आणि मग तिन्ही दलं एकत्र. लवकर थांबला तर मॉस्कोची मुदत जाते आणि फिनिशांना खंदक दुरुस्त करायला वेळ मिळतो, उशीर केला तर माणसं वाया जातात. हा नियम आल्यापासून माझ्या गटात सोव्हिएत बाजू आधी मागितली जाते, कारण सगळ्या डावातला सर्वांत मोठा निर्णय तिच्याकडे आहे.

फिनिश बाजूचा तसाच निर्णय दारूगोळ्याचा. तोफगोळ्यांचा साठा सुरुवातीलाच अपुरा होता, म्हणून त्याचे मोजके टोकन एकदाच द्या. परदेशातून येईल ते थोडं आणि उशिरा. डिसेंबरमध्ये उधळले तर फेब्रुवारीत तोफा गप्प बसतात. बाटलीबाँब, पकडलेल्या बंदुका, पकडलेल्या तोफा यांसाठी वेगळे नियम नकोत, ते फाशाच्या तक्त्यातच आलेत असं धरा.

तहासाठी मी दहाव्या टर्नपासून दोघांनाही प्रत्येक टर्नच्या शेवटी झाकून चिठ्ठी ठेवायला सांगतो: तह हवा की नको. दोघांनी ‘हवा’ लिहिलं तर डाव तिथेच संपतो आणि त्या क्षणाच्या रेषेवर निकाल लागतो. सोव्हिएत खेळाडूनं ‘हवा’ का लिहावं? कारण ब्रिटन आणि फ्रान्सनं 5 फेब्रुवारीला मदतीचं सैन्य पाठवायचं ठरवलं होतं. नॉर्वे आणि स्वीडन वाट द्यायला तयार नव्हते, स्वीडनच्या लोखंडाच्या खाणींवरही त्या दोस्तांचा डोळा होता, तरीही ती टांगती तलवार मॉस्कोवर होती, आणि पुढे वसंतातला चिखल होताच. फिनिश खेळाडूच्या बाजूनं कारण सरळ आहे. राखीव दल संपलेलं असतं.

हायहांचं काउंटर ठेवू नका. ते लाडोगाच्या उत्तरेला कोल्लाच्या आघाडीवर होते, 6 मार्चला गंभीर जखमी झाले, आणि त्यांचं कर्तृत्व मोठं आहे. पण डिव्हिजनच्या पटावर एका माणसाचं काउंटर आलं की खेळाडू त्यालाच पटभर फिरवतात, आणि कोल्ला शेवटपर्यंत धरून ठेवणारी हजारो माणसं दिसेनाशी होतात. त्यापेक्षा कोल्लाच्या हेक्सला बचावाची चांगली जागा द्या. तिथे उभी राहिलेली थकलेली रेजिमेंट टिकली की खेळाडू आपणहून हायहांची आठवण काढतात.

एवढं सगळं बसवूनही प्रत्येक गटाचा कल वेगळा असतो, म्हणून शेवटचा तोल खेळाडूंवरच सोपवा. डाव सुरू होण्याआधी बोली लावा: ‘मी सोव्हिएत घेतो आणि व्हीपुरी बाराव्या टर्नच्या आत घेऊन दाखवतो.’ दुसरा म्हणेल अकराव्या. जो लवकरचा टर्न बोलेल त्याला सोव्हिएत बाजू आणि तीच त्याची मुदत. माझ्या दहाव्या टर्नच्या जागी मग ही बोली येते. बोलीपेक्षा एकही टर्न उशीर झाला तर फिनिश विजय. सुरुवातीचे तीन-चार डाव बोलीनेच खेळा आणि प्रत्येक बोली वहीत टिपून ठेवा. आकडे एका टर्नभोवती जमायला लागले की तो छापील नियमात घाला. ते जमले नाहीत तर आधी पुनर्रचनेचे तीन टर्न चार करून बघा. माझ्याकडे सगळ्यात जास्त फरक त्याच एका आकड्यानं पडला होता.